श्रद्धा टिकली, पण पुरावा काय?

‘बदलत्या काळातही श्रद्धा टिकून राहिली’ असं तुम्ही प्रबंधात लिहिलंत की मार्गदर्शक विचारणारच, कशावरून?

ख्रिस्तपुराण घ्या. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात रचलेलं हे ओवीबद्ध मराठी काव्य १६१६ साली रोमन लिपीत छापलं गेलं. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. १६८४ ला पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध हुकूम काढला. आज त्या तीन आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. मग १९०७ साली मंगळुरात साल्ढाणांनी ग्रंथ छापला तो कशावरून? हस्तलिखितांवरून! म्हणजे मधल्या काळात कुणीतरी बसून नकला उतरवत होतं, आणि ओव्या दहा हजारांच्या वर आहेत. हौस म्हणून एवढं कोण लिहील?

लंडनमधली एक प्रत तर देवनागरीत आहे, तिच्यात संस्कृत शब्दही जास्त. सुरुवातीला असे पाठभेद मी चुका समजून बाजूला सारत होतो. वर्ष वाया गेलं. लिपी बदलली, शब्द बदलले, कथा मात्र येशूचीच राहिली. हे दिसतं ते पाठभेदांतूनच. तेव्हा पाठभेदांचा तक्ता आधी करा, ‘मूळ पाठ कोणता’ हा वाद नंतर.