नवसाची नावे

दिवाळीला घर भरले म्हणजे ओसरीवरून "बाळ्या!" अशी एक हाक मारावी आणि तिघांनी एकदम ओ द्यावी! मग आजी रागावते, "अरे, बारशाच्या नावाने हाक मारा की!" हे बारशाचे नाव येते तरी कोठून? दूर कशाला, अहमदनगरचाच इतिहास पाहू. (२०२४ साली हे नगर अहिल्यानगर झाले.)

१४९४ साली हे शहर वसविले अहमद निजामशहाने. त्याचा बाप मलिक हसन. काही वर्षे नगरास राहिलेला इतिहासकार फेरिस्ता सांगतो की, हा हसन मूळचा तिमाप्पा, भैरू नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत पकडला जाऊन तो बाटला आणि त्याचे नावही गेले. पण लहानग्या बहमनी शहाजाद्याला 'भैरू' म्हणता येईना. तो म्हणे 'बहिरी'. तेच उपनाव निजामशाही घराण्याला चिकटले. धर्म गेला, गाव गेले. बापाचे नाव तेवढे एका मुलाच्या बोबड्या बोलांत तगले!

पुढे याच निजामशाहीत वेरूळचे मालोजीराजे भोसले सरदार होते. त्यांना व उमाबाईंना बरेच दिवस मूल नव्हते. नगरच्या शाहशरीफ पिराला त्यांनी नवस केला आणि पुढे दोन मुलगे झाले, असे परंपरा सांगते. परमानंदाच्या 'शिवभारता'तही हा प्रसंग आहे. थोरला शहाजी, धाकटा शरीफजी. शाह म्हणजे राजा, शरीफ म्हणजे कुलीन. पिराचे एक नाव दोघा भावांनी वाटून घेतले आणि 'जी' लागताच ते अस्सल मराठी झाले. १६२४ साली नगरजवळच भातवडीच्या लढाईत शरीफजी पडले. १६३० साली शिवनेरीवर शहाजीराजांना पुत्र झाला. गडावरच्या शिवाईवरून त्याचे नाव शिवाजी ठेवले, असे सांगतात. सासूचा नवस पिराला, सुनेचा देवीला. घर मात्र एकच!

पण सगळीच नावे अशी कौतुकाची नसतात. मुले जगत नसत तेव्हा आया मुलाला 'दगडू', 'धोंडू' म्हणत. दगडाकडे कोण डोळा लावील, ही त्यांची भाबडी युक्ती. त्या ओबडधोबड नावाआड केवढी माया दडलेली असे! आणि मुलीवर मुलगी झाली की तिला 'नकोशी' म्हणणारी घरेही आपलीच. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे दिली गेली. त्यांनी आपली नावे स्वतः निवडली. बारसे उशिरा झाले, पण झाले.

नाव म्हणजे ठेवणाऱ्याच्या मनाचा कागद. कोणाच्या कागदावर नवस असतो, कोणाच्या भीती, तर कोणाच्या अन्याय. तेव्हा फराळाचे ताट पुढे आले की आजीला एवढे विचारा, "माझे नाव कोणी ठेवले, आणि का?" तिने सांगितलेले लिहून ठेवा. ते सांगणारे माणूस पुढच्या दिवाळीला असेलच असे नाही.