अर्बुद, शस्त्र व याप्यत्व : सातारा व मिरज-सांगली प्रांतांच्या संदर्भांत एक टिपण

थोरले माधवराव पेशवे ता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर मुक्कामीं राजयक्ष्म्यानें निवर्तले. त्यांच्या दुखण्याचा तपशील इतिहासभक्तांनीं मोठ्या आस्थेनें धुंडाळला, कारण त्या दुखण्यावर राज्याचें भवितव्य अवलंबून होतें. ज्या दुखण्यावर राज्य नव्हे, तर एखादें घर तेवढें अवलंबून असे, त्याचे कागद मात्र कोणीं जपले नाहींत. प्रस्तुत टिपणाचा विषय असाच एक रोग आहे. आज आपण त्यास कर्करोग म्हणतों. त्यावर शस्त्र चालवावें कीं न चालवावें, हा वाद सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील घराघरांतून मीं ऐकला आहे, आणि माझ्या घरींहि तो झाला आहे. या वादांत एक पक्ष नेहमीं 'आपल्या पूर्वजांचें शास्त्र' पुढें करतो. म्हणून त्या शास्त्राच्या पोथींत खरोखर काय आहे, तें पाहणें हें आपल्यासारख्या पोथ्या जमविणारांचें काम ठरतें.

प्रथम शब्दाविषयीं. 'कर्करोग' हा शब्द संस्कृत दिसतो, परंतु प्राचीन वैद्यकांतला नव्हे. ग्रीक वैद्य या रोगास खेंकड्यावरून नांव देत. गांठीभोवतीं फुगलेल्या शिरा खेंकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असें गेलन यानें त्याचें स्पष्टीकरण केलें आहे. त्याच नांवाचें लॅटिन रूप युरोपांत रूढ झालें व त्याचें भाषांतर होऊन 'कर्क' आपल्याकडे आला. आपल्या संहितांतला जवळचा शब्द म्हणजे 'अर्बुद'. हे दोन शब्द सर्वथा समानार्थक मात्र नव्हेत. अर्बुदांत निरुपद्रवी गांठीहि येतात. उलट रक्ताचा कर्करोग अर्बुदाच्या लक्षणांत बसत नाहीं. एवढा विवेक राखून पुढें जाऊं.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाचा अकरावा अध्याय ग्रंथि, अपची, अर्बुद व गलगंड यांचा आहे व चिकित्सास्थानाचा अठरावा अध्याय त्यांच्याच उपचाराचा आहे. अर्बुद हळूहळू वाढतें, खोल मूळ धरतें व पिकत नाहीं, असें लक्षण तेथें दिलें आहे. एका अर्बुदावर दुसरें उठणें, किंवा दोन एकदम वा एकामागून एक उद्भवणें, हें असाध्यतेचें चिन्ह मानलें आहे. स्रवणारें, मर्मावरचें, स्रोतसांतलें आणि हलवितां न येणारें अर्बुदहि असाध्यच. हें शेवटलें लक्षण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. त्याचें काम पुढें पडणार आहे.

उपचार सांगतांना आचार्य शेक, पोटीस, रक्तमोक्षण येथून आरंभ करतात, पण तेथेंच थांबत नाहींत. क्षार, अग्नि व शस्त्र हीं तिन्ही प्राणांस अपाय न होईल अशा बेतानें पुनःपुन्हा योजावींत, असें ते सांगतात. बारीक बुडाच्या अर्बुदास तांबें, शिसें, कथील यांच्या पट्ट्यांनीं वेढण्याची कृति आहे. एके ठिकाणीं तर गांठीवर असा लेप सांगितला आहे कीं त्यावर माशा बसून किडे पडावे, त्यांनीं बराच भाग खाऊन टाकावा, व उरलेला वैद्यानें कापून डागून काढावा. वाचतांना अंगावर कांटा येतो. परंतु सर्वांत महत्त्वाची सूचना प्रकरणाच्या ओघांत येते : जो वैद्य अर्बुदाचा अंश शिल्लक ठेवतो त्याच्या रोग्यास तें लौकरच पुन्हा उद्भवतें, म्हणून तें निःशेष काढावें, कारण राहिलेला अंश विस्तवाप्रमाणें प्राण घेतो. आजचा शल्यवैद्य हेंच निराळ्या परिभाषेंत सांगेल.

ग्रीकांचा कल याच्या उलट होता. हिपॉक्रेटीसच्या नांवावर चालणाऱ्या सूत्रसंग्रहाच्या सहाव्या भागांत एक सूत्र असें आहे कीं दडलेल्या कर्कांवर उपचार न करणेंच बरें. उपचार केलेले रोगी लौकर मरतात, न केलेले अधिक काळ जगतात. म्हणजे 'हात लावूं नये' हें मत जुन्या ग्रीकांचें, आणि 'निःशेष काढावें' हें मत आपल्या आचार्यांचें! आमच्या घरच्या वादांत मात्र पक्ष अगदीं उलटे लागले होते.

असें कां व्हावें? मला त्याचीं दोन कारणें दिसतात. पहिलें, ग्रंथांच्या प्रसाराचें. आपल्या प्रांतांतील सामान्य वैद्याच्या दप्तरांत सुश्रुत क्वचितच असे. तेथें माधवनिदान असे, शार्ङ्गधर असे, लोलिंबराजाचें वैद्यजीवन असे. माधवनिदानांत अर्बुदाचें निदान आहे, परंतु तो ग्रंथच निदानापुरता असल्यामुळें चिकित्सा नाहीं. वैद्यजीवन हें रसाळ काव्य आहे. त्यांत अर्बुदच्छेदन शोधावयास कोणी जाणार नाहीं. रोगाचें नांव सांगतां यावें पण शस्त्राचा अध्याय हातीं नसावा, अशी ही स्थिति. संपूर्ण सुश्रुत छापून निघाला तो मधुसूदन गुप्त यांच्या संपादनानें कलकत्त्यास १८३५-३६ त. माझ्या आजोळाकडून आलेलें एक मोडी बाड मजजवळ आहे. त्यांत गांठींवरचे लेप भरपूर आहेत, सुरीचें नांवहि नाहीं. एका बाडावरून सिद्धान्त काढूं नये हें मी जाणतों.

शस्त्रविद्या अगदींच लोपली होती असेंहि नव्हे. टिपूच्या लोकांनीं नाक कापलेल्या कावसजी नांवाच्या गाडीवानास पुण्याकडे कपाळाच्या कातड्याचें नवें नाक बसविण्यांत आलें. मुंबईच्या दोन इंग्रज शल्यवैद्यांनीं ही क्रिया पाहिली व तिचा वृत्तांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत छापून आला. ती करणारा कोणी शास्त्री नव्हता. विटा पाडणाऱ्यांच्या जातीचा एक मनुष्य होता. पोथी एका आळींत राहिली, शस्त्र दुसऱ्या आळींत राहिलें, आणि दोहोंमध्यें जाणें-येणें नव्हतें.

दुसरें कारण वेदनेचें, व तें मानवी आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं बोस्टन येथें ईथरचा जाहीर प्रयोग होईपर्यंत जगांत बहुतेक सर्वत्र गांठ कापणें म्हणजे शुद्धीवर असलेल्या मनुष्यास कापणें होतें. जपानांत हानाओका सेइशू यानें १८०४ मध्यें गुंगीचा काढा देऊन स्तनावरील गांठ काढली, हा थोर अपवाद. फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेचा स्तन १८११ त पॅरिसमध्यें असाच शुद्धीवर असतां काढला गेला. तिनें स्वतःच तो प्रसंग आपल्या बहिणीस पत्रांतून कळविला आहे. ती पुढें १८४० पर्यंत जगली. परंतु अशा दिव्यास नकार देणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांस अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्यास नाहीं.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. विल्यम वॉनलेस हा कानडा देशांतला मिशनरी डॉक्टर १८८९ मध्यें प्रथम सांगलीस आला, आणि नंतर मिरजेस जाऊन त्यानें १८९४ त रुग्णालय उघडलें. त्याच्या धर्मप्रसाराविषयीं कोणाचें कांहींहि मत असो. मोतीबिंदूपासून पोटाच्या गांठीपर्यंत शस्त्रक्रिया करून मनुष्य चालत घरीं येतो, हें कृष्णाकांठच्या खेड्यांनीं मिरजेस पाहिलें. त्याच मिरजेंत वासुदेवशास्त्री खरे हे शाळेंत संस्कृत शिकवीत आणि पटवर्धनी दप्तरांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढीत. एका गांवांत एकाच वेळीं कोणी जुनी गांठोडीं सोडवीत होता, कोणी गांठी कापीत होता! इकडे साताऱ्यास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय निघालें. त्याच्या नांवांतच तडजोड आहे. त्या काळीं आयुर्वेदाचे पुरस्कर्तेहि दुभंगलेले होते; कोणी 'शुद्ध' आयुर्वेद म्हणत, कोणी 'मिश्र'. सरकारानें १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्यानें पाश्चात्य पद्धतीच्या डॉक्टरांची नोंद केली. वैद्य-हकिमांच्या नोंदणीस १९३८ चा कायदा यावा लागला. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्यानें बंदी आहे, तरी एस. टी. स्थानकांच्या भिंती मीं पाहिल्या आहेत.

पाश्चात्यांतहि एकमत होतें असें समजूं नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत हॉल्स्टेड यानें स्तनाबरोबर छातीचे स्नायू व काखेंतल्या गांठीहि काढण्याची रीत घातली. 'निःशेष' या शब्दाचा तो अतिरेक होता. ती रीत पाऊणशें वर्षें चालली. मग बर्नार्ड फिशर व त्याच्या सहकाऱ्यांनीं रोग्यांचे गट पाडून दाखविलें कीं योग्य रोग्यांत केवळ गांठ काढून किरणोपचार दिला तरी आयुर्मान तेवढेंच राहतें. १९८५ मध्यें प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष वीस वर्षांच्या पाहणीनंतर २००२ मध्येंहि टिकला. मतभेद तेथेंहि होते, पण ते मोजून मिटविले गेले. आपल्याकडे ते वडीलकीनें मिटतात.

आमच्या घरीं तसेच मिटले. २०११ च्या पावसाळ्यांत माझ्या पत्नीस डाव्या स्तनांत गांठ लागली. माझा मुलगा म्हणाला, 'बाबा, उद्यांच दाखवूं.' तिचे वडील बंधु म्हणाले, 'सुरी लागली कीं रोग पसरतो. आधीं आपलें औषध.' ते घरांत सर्वांहून वडील. मीं दोहोंचें ऐकून घेतलें, म्हणजे कांहींच केलें नाहीं. चार महिने लेप व काढे झाले. ज्या वैद्यांनीं ते दिले ते भले गृहस्थ होते व त्यांनीं फारसें द्रव्यहि घेतलें नाहीं. आषाढांत गांठ बोटाखालीं सरकत असे. कार्तिकांत ती सरकेनाशी झाली. हें तिनें मला सांगितलें तेव्हां मला त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. 'अचाल्य' हें पद ज्या पोथींत आहे ती निर्णयसागरी प्रत माझ्या कपाटांत तीस वर्षें होती. मीं त्यांतले सूत्रस्थानाचे वेंचे मुलांस शिकविले होते. अठरावा अध्याय उघडला नव्हता.

मग मिरजेस गेलों. आधीं औषधांनीं गांठ लहान करून मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार असा क्रम झाला. तिचे बंधु रोज रुग्णालयांत येऊन बसत. त्यांच्यावर मीं कधीं रागावलों नाहीं, कारण रागावण्याजोगा पहिला मनुष्य मीच होतों.

२०१८ मध्यें रोग हाडांत उतरला. मुलानें विचारलें, 'आतां बरें होईल का?' डॉक्टरबाईंनीं उत्तर दिलें, 'बरें होणार नाहीं, पण आवरून धरतां येईल.' तें ऐकतांच मला एक पारिभाषिक शब्द आठवला, आणि या टिपणाचें खरें प्रयोजन तोच शब्द आहे : याप्य. चरकानें असाध्य रोगांचे दोन भेद केले आहेत. ज्यावर कांहीं उपायच नाहीं तो एक, आणि याप्य हा दुसरा. याप्य म्हणजे जो जात नाहीं, पण उपचारानें रेटतां येतो. सुश्रुताच्या सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायांत यास दृष्टान्त आहे तो पडूं पाहणाऱ्या घराचा : नीट लावलेला टेकू जसा घर सांवरतो, तशी योग्य वेळीं झालेली चिकित्सा अशा रोग्यास सांवरते. त्याच ठिकाणीं असेंहि म्हटलें आहे कीं उपचार न करणाऱ्यांचे साध्य रोग याप्य होतात, याप्य असाध्य होतात व असाध्य प्राण घेतात. आमच्या चार महिन्यांचा हिशेब तेथें मांडलेला आहे. सुश्रुतानें अर्बुदास स्वतः याप्य म्हटलेलें नाहीं, ही जोडणी माझी आहे. विद्वानांनीं ती तपासावी.

घरांतल्या वादांत हा तिसरा शब्द कोणाच्याच तोंडीं नसतो. एक पक्ष 'कापा, बरें होईल' म्हणतो, दुसरा 'कापूं नका, बरें होईल' म्हणतो. बरें न होतां जगणें हीहि एक स्थिति आहे व तिचेहि नियम आहेत, हें दोघांसहि मान्य नसतें. तिचे बंधु अजून काढा आणतात. डॉक्टरबाईंस विचारून, गोळ्यांशीं ज्यांचें जमत नाहीं तीं द्रव्यें वगळून, ती तो घेते. मुलास तें आवडत नाहीं. मीं एकदां टेकूचा दृष्टान्त तिला वाचून दाखविला. ती म्हणाली, 'अहो, टेकू लावलेल्या घरांतहि रोज केर काढावा लागतो,' आणि उठून गेली. तिची रोजची गोळी सकाळीं आठ वाजतां असते. ती देण्याचें काम मजकडे आहे.

आतां संग्राहकांस विनंति. सातारा, वाई, कऱ्हाड, मिरज, सांगली, तासगांव या भागांतील वैद्यघराण्यांचीं बाडें ज्यांजकडे असतील, त्यांनीं तीं तीन गोष्टींसाठीं चाळावीं : ग्रंथि-अर्बुदाच्या पानांवर शस्त्र, क्षार वा अग्नि यांचा उल्लेख येतो का, सुश्रुताचें चिकित्सास्थान मुळांतून उतरलेलें आढळतें का, कीं केवळ योग तेवढे उचललेले आहेत, आणि समासांत एखाद्या रोग्याचें नांवनिशाण, मिति, परिणाम टिपलेला आहे का. समासांतलीं टिपणें आपण पुष्कळदां नकलेंत गाळतों. तीं गाळूं नयेत. माझ्या बाडांतील गांठीच्या लेपांचीं नऊ पानें मीं बाळबोधींत उतरून ठेवलीं आहेत. मागणारास नक्कल पाठवीन.