जीपगाडी आणि जवानांची आठवण

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, तोफा, तलवारी आणि राजेरजवाड्यांच्या सनदा येतात. चार चाकांची एक साधी उघडी मोटारही इतिहासाचे साधन असू शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पण दिल्लीतील २६ जानेवारीचे संचलन आठवून पाहा. परमवीरचक्र आणि अशोकचक्र मिळविलेले वीर तेथे सलामी देत जातात ते उघड्या जीपमधून. हा मान या गाडीला का मिळाला, हे समजून घेण्यासारखे आहे.

१९४० साली अमेरिकन सैन्याला टेहळणीसाठी हलकी आणि चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. बँटम नावाच्या एका लहान कंपनीने अवघ्या ४९ दिवसांत पहिला नमुना तयार करून दिला. पुढे विलीस आणि फोर्ड या मोठ्या कारखान्यांनी दुसऱ्या महायुद्धात सहा लाखांवर जीपगाड्या बांधल्या. गाडीत चैनीचे काही नव्हते. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली होती आणि पुढचे दिवे उलटे फिरवले की त्यांचा उजेड इंजिनावर पडे, म्हणजे रात्री वाटेत बिघाड झाला तरी दुरुस्ती करता यावी.

या गाडीशी आपल्या मुंबईचेही नाते आहे. महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' ही पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानात गेले आणि तेथील पहिले अर्थमंत्री झाले. इकडे १९४८ साली पेढीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. याच कंपनीने माझगाव येथे जीपच्या सुट्या भागांची जुळणी सुरू केली.

परंतु जीपला खरा मोठेपणा मिळाला तो तिच्यात बसणाऱ्यांमुळे. उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यात धामूपूर नावाचे खेडे आहे. तेथील एका शिंप्याच्या घरी १९३३ साली अब्दुल हमीद यांचा जन्म झाला. १९५४ साली ते सैन्यात भरती झाले आणि पुढे ग्रेनेडियर्सच्या चौथ्या पलटणीत कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार झाले. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तर येथे पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांनी चाल केली. हमीद यांच्यापाशी होती जीपवर बसविलेली १०६ मिलिमीटरची तोफ. जीपला चिलखत नसते. शिवाय ही तोफ डागली की मागच्या बाजूने ज्वाळा आणि धूळ उठते आणि शत्रूला नेमकी जागा कळते. म्हणून गोळा सोडायचा आणि तत्काळ जागा बदलायची, एवढाच बचाव. हमीद यांनी शेतातील उभ्या पिकाचा आडोसा घेत पोलादी रणगाडे एकामागून एक निकामी केले. १० सप्टेंबर रोजी रणगाड्याचा गोळा लागून त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. २८ जानेवारी २००० रोजी टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. त्यावर त्यांच्या चेहऱ्यासोबत ती तोफेची जीपही आहे.

सैन्याने निकालात काढलेल्या जीपगाड्या लिलावात विकल्या गेल्या. कित्येक गाड्या शेतावर, जंगलखात्यात वा भंगारात गेल्या. आज हौशी मंडळी अशा गाड्या शोधून पुन्हा उभ्या करतात आणि जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांत मांडतात. हे काम सोपे नाही. गंज खरवडावा लागतो, कुजलेला पत्रा कापून नवा जोडावा लागतो, इंजिन सर्व उकलून पुन्हा बसवावे लागते. जाणकार कारागीर रंगाचे थर हळूहळू काढतो, कारण खाली कोठे तरी जुना लष्करी क्रमांक सापडण्याचा संभव असतो. फोर्डने बांधलेल्या युद्धकाळातील जीपच्या नटबोल्टांवरही 'एफ' हे अक्षर ठोकलेले असे. त्यावरून कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून घातलेला, हे ओळखता येते.

येथेच एक मोह होतो. गाडी चकचकीत दिसावी म्हणून वाटेल त्या पलटणीचे चिन्ह काढायचे, जी लढाई तिने पाहिलीच नाही तिचे नाव लिहायचे. पाहणारे टाळ्या वाजवतात. पण जवानाचा याने सन्मान होत नाही. ज्याने खरोखर प्राण दिले त्याच्या नावावर खोटी नोंद करणे, हा त्याच्या त्यागाशी अप्रामाणिकपणा होय. गाडी कोठून आली हे ठाऊक असेल तेवढेच पाटीवर लिहावे. 'त्या काळची, त्या जातीची जीप' एवढी साधी पाटीसुद्धा सन्मानाला पुरेशी आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या कामात इतिहास आणि हातकाम यांची गाठ पडते. वेल्डिंग किंवा मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणारा मुलगा इतिहासापासून दूर नाही, आणि इतिहास शिकणाऱ्या मुलीने पाना हातात घेण्यात कमीपणा नाही. पालकांनाही एक विनंती. अहमदनगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर येथे १९९४ साली सुरू झालेले रणगाडा संग्रहालय आहे. तेथे जुनी रोल्स-रॉइस चिलखती मोटारही आहे आणि पॅटन रणगाडाही. सुट्टीत मुलांना तेथे अवश्य न्यावे. मात्र त्याआधी आपल्याच मोहल्ल्यात वा गावात कोणी निवृत्त फौजी चाचा असतील, तर मुलांना त्यांच्यापाशी बसवावे. त्यांची पलटण, त्यांचे ठाणे, त्यांनी चालविलेली गाडी, सारे विचारून वहीत तारखेसह लिहून ठेवावे. गाडीचा गंज पन्नास वर्षांनीही काढता येतो. न विचारता राहून गेलेली आठवण मात्र परत मिळत नाही.