शरीर कमावणें

शरीर ‘कमावणें’ हा आपल्या भाषेंतला प्रयोग विचार करण्यासारखा आहे. वतन वारशानें येतें, इनाम राजाच्या मर्जीनें मिळतें. शरीर मात्र ज्याचें त्यानेंच कमवावें लागतें. आणि कमाई म्हटली कीं ती कोठें खर्चावयाची, हा प्रश्न ओघानेंच येतो.

एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रानें या प्रश्नाचें उत्तर निःसंदिग्धपणें दिलें. टिळक डेक्कन कॉलेजांत गेले तेव्हां प्रकृतीनें किरकोळ होते. पहिलें वर्ष त्यांनीं अभ्यास बाजूस सारून व्यायामास दिलें. चिंचवडच्या दामोदर चापेकरांनीं व त्यांच्या बंधूंनीं तरुण जमवून त्यांस व्यायाम व लष्करी कवायत शिकविली. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडींत रँडवर गोळी झाडली गेली आणि १८९८–९९ मध्यें तिघे बंधु फांसावर गेले. त्यांच्या मार्गाविषयीं मतभेद असूं शकेल. परंतु ती कमाई आरशापुढें उभें राहण्यासाठीं नव्हती, याविषयीं मतभेद होणार नाहीं.

योगायोग असा कीं, याच १८९७ सालीं सातारा जिल्ह्यांतील औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सँडोचीं व्यायामाचीं साधनें विकत घेतलीं. युजेन सँडो यानें बलाच्या प्रयोगांबरोबर घडविलेला देहच प्रेक्षणीय केला. १४ सप्टेंबर १९०१ रोजीं लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्यें त्यानें देहसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली. परीक्षकांत कादंबरीकार कॉनन डॉइल होते. गुण द्यावयाचे ते सर्वांगाची वाढ, तिचा प्रमाणबद्धपणा, स्नायूंचा कस, एकंदर आरोग्य आणि त्वचेची स्थिति पाहून. नुसत्या आकारास बक्षीस नव्हतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

भवानरावांनीं सँडोची पद्धति सुमारें दहा वर्षें निष्ठेनें चालविली आणि नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले. १९०९ सालीं गादीवर आल्यावर त्यांनीं संस्थानच्या शाळांतही नमस्कार सुरू केले. नमस्काराला उपकरण नको, पैसा नको, प्रेक्षक तर नकोच; लागते ती सतरंजीएवढी जागा आणि रोजची पहाट.

हा इतिहास आज आठवावयाचें कारण चापेकरांच्या चिंचवडांतच सांपडतें. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. मागून मोटारींचे कारखाने आले आणि ही वसाहत चाकणपर्यंत पसरली. नांगर सुटला, यंत्र आलें. श्रम कमी झाले, पाळ्यांमुळें जेवणाझोपेच्या वेळा मोडल्या, आणि वजन वाढलें. अशा वाढलेल्या वजनाला कंटाळलेला एखादा तरुण जिममध्यें जातो आणि कोणत्या तरी ‘श्री’ स्पर्धेची तारीख मनाशीं धरतो. त्याला हंसणें अन्यायाचें होईल. ‘कधीं तरी’ बारीक होऊं म्हणणाऱ्याला तारीख बांधून ठेवते. खाण्याहून खर्च अधिक झाला म्हणजे चरबी उतरते. भार, प्रथिनें व झोप यांनीं स्नायु भरतात. हें गणित महिनोन्‌महिने सांभाळणें ही तपश्चर्याच आहे.

धोका आहे तो शेवटच्या पायरीवर. स्नायूंची रेघ न् रेघ उठून दिसावी म्हणून कित्येक जण अखेरच्या दिवसांत पाणी तोडतात. कांहीं जण औषधांच्या नादीं लागतात, आणि हृदय व मूत्रपिंड त्याची किंमत देतात. सँडोच्या यादींतलें आरोग्य रंगमंचावरील दिव्यांच्या उजेडांत दिसत नाहीं. तें घरच्यांना दिसतें.

म्हणून स्पर्धेस उभें राहणाऱ्याला बक्षीस मिळालें कीं नाहीं, हें मीं विचारणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटे तो उठला काय, एवढेंच विचारीन. भवानरावांना प्रेक्षक नव्हते, तरी त्यांचा नेम टिकला. ज्याचा नेम असा टिकतो, त्याचीच कमाई त्याच्या व त्याच्या माणसांच्या उपयोगीं पडते.