सी ड्राइव्ह फॉरमॅट झाला आणि मराठी गेली

 

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले. तेव्हापासून जुने घरगुती कॉम्प्युटर पुन्हा दुरुस्तीच्या दुकानांच्या पायऱ्या चढायला लागलेत. कुणी विंडोज ११ टाकून घेतंय, ज्यांचं मशीन ११ ला पुरं पडत नाही ते लिनक्स टाकून बघतायत. यात वावगं काहीच नाही. पण "दादा, सगळं उडव आणि फ्रेश टाकून दे" असं सांगण्याआधी थोडा इतिहास माहीत असलेला बरा. हा इतिहास विंडोजचा नाही. फ्रेश विंडोज टाकल्यावर आपण वरून हाताने जी गोष्ट टाकायचो तिचा आहे. म्हणजे मराठीचा.

२००२ ते २०१० च्या दरम्यान ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आला त्यांना हा विधी पाठ असेल. एक्सपीची सीडी घालायची, निळ्या स्क्रीनवर एफ-८ दाबून न वाचलेला करार मान्य करायचा, सी ड्राइव्ह फॉरमॅट करायचा, डी ला हात लावायचा नाही. पंचवीस अक्षरांची की टाकायची. मग मदरबोर्डच्या सीडीतून साउंड आणि डिस्प्लेचे ड्रायव्हर. मग ऑफिस, अँटिव्हायरस, विनरार, विनॲम्प. वॉलपेपरवरची ती हिरवी टेकडी जाऊन तिथं शिवाजी महाराज किंवा घरातलं लेकरू यायचं. आणि सगळ्यात शेवटी, कुणी आठवण केलीच तर, मराठी.

"मराठी टाकलीस का रे?" हे वाक्य तेव्हा सर्रास ऐकू यायचं. प्रिंटर बसवावा तशी भाषा बसवायची. इंग्रजीबद्दल असं कुणी कधी विचारलेलं मला आठवत नाही.

गंमत म्हणजे मराठी विंडोजमध्ये होती. विंडोज २००० पासून होती, मंगल नावाच्या फॉन्टसकट. एक्सपीतही होती, पण बंद. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचं, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडायचं, लँग्वेजेसच्या पानावर 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' नावाच्या ओळीपुढे खूण करायची. की लगेच ते मूळ सीडी मागायचं, त्यातलं आय-३८६ नावाचं फोल्डर हवं असायचं. सीडी दुकानदाराकडे. त्या ओळीत कंसात थाई भाषेचं नाव होतं, हिंदी-मराठीचं नव्हतं. आपली लिपी त्यात येते हे कळायला कुणीतरी सांगावं लागायचं. त्यामुळे बहुतेकांनी ती खूण कधी केलीच नाही. ते दुसऱ्या रस्त्याने गेले. फॉन्टची फाइल आणायची, सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये कॉपी करायची, झालं. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, किरण, सुरेख, योगेश. काही विकत घेतलेले, बरेचसे 'आपल्याच' सीडीतले. (हा विषय आज नको.)

हा दुसरा रस्ता आपल्याला कुठे घेऊन गेला ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

१९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणायचं काम चाललं होतं. त्यातून जिस्ट हे तंत्र आकाराला आलं. मोहन तांबे हे त्यातलं मुख्य नाव. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि जिस्टचं काम तिकडे आलं. जिस्टचं एक कार्ड मिळायचं, कॉम्प्युटरच्या आत बसवायचं. मग डॉसमधल्या साध्या प्रोग्रॅममध्येही देवनागरी दिसायची. त्यामागे एक विचार होता. अक्षर साठवायचं एका ठरलेल्या क्रमांकाने, आणि ते कसं दिसायचं हे वेगळं ठरवायचं. 'क' म्हणजे 'क', मग तो कुठल्याही वळणाचा असो. याच विचाराचं प्रमाणक म्हणजे इस्की. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते अधिकृत केलं. त्यात तर अशी सोय होती की ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांना एकच क्रमांक. मराठीत टाइप केलेलं नाव बटण दाबून तेलुगू किंवा बंगालीत दाखवता यायचं.

म्हणजे १९९१ सालीच आपल्याकडे नीट रस्ता आखलेला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला.

पण बाजार तोवर थांबणार नव्हता. डॉस जाऊन विंडोज आलं. पेजमेकर आलं, डीटीपी आलं. तालुक्याच्या गावात खिळे जुळवणारे छापखाने बंद पडून तिथं दोन कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर आला. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, साप्ताहिकं, सगळं छापायचं होतं आणि विंडोजला तेव्हा देवनागरी जोडता येत नव्हती. वेलांटी कुठे लावायची, जोडाक्षर कसं करायचं, काही कळत नव्हतं. मग कंपन्यांनी युक्ती काढली. फॉन्टमध्ये २५६ खाने असतात. त्यातली इंग्रजी अक्षरं काढून त्या खान्यांत देवनागरीचे तुकडे बसवले. एका खान्यात काना, एकात अर्धा भ, एकात रफार. कॉम्प्युटरला वाटतंय की तो इंग्रजी दाखवतोय, आपल्याला दिसतंय मराठी.

उदाहरण देतो. कृतिदेवमध्ये तुम्ही 'भारत' टाइप करा. स्क्रीनवर भारत दिसेल. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवलेलं असतं एच, के, के, जे, आर. अर्धा भ म्हणजे एच, त्याची काठी म्हणजे के, काना म्हणजे पुन्हा के, र म्हणजे जे, त म्हणजे आर. फॉन्ट काढून घेतला की खाली उरतात ही पाच इंग्रजी अक्षरं.

आणि प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या क्रमाने भरले. सी-डॅकची एक मांडणी, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीची दुसरी, बंगळुरूच्या आकृतीची तिसरी. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडायची नाही. धंद्याच्या दृष्टीने ते सोयीचंच होतं, एकदा फाइली एका फॉन्टमध्ये गेल्या की गिऱ्हाईक कुठे जातंय? काही सॉफ्टवेअरना तर प्रिंटरच्या पोर्टला लावायचं कुलूप यायचं. ते हरवलं की मराठी बंद. मी कंपन्यांना दोष देत नाही. त्यांनी ते केलं नसतं तर नव्वदच्या दशकात आपलं काहीच छापून आलं नसतं. माझा राग आहे तो प्रमाणक तयार असूनही ते वापरायची सक्ती वेळेवर न करणाऱ्यांवर. केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हे प्रमाणक म्हणून जाहीर केलं २००९ मध्ये. इस्कीनंतर अठरा वर्षांनी. तोवर कार्यालयांतून जे टाइप व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता फॉरमॅटकडे परत या. आपण काय करायचो? सी उडवायचा, डी जपायचा. फोटो डी वर, गाणी डी वर, पोरांचे प्रोजेक्ट डी वर. आणि फॉन्ट? सी वर. म्हणजे मजकूर राहिला आणि तो वाचायची किल्ली पुसली गेली. दर फॉरमॅटला. पहिल्या दोन-तीन वेळी कुणीतरी फॉन्टची सीडी शोधून परत टाकली. मग सीडीला चरे पडले, दुकानदार बदलला, विंडोज ७ आलं, मोबाइल आला, आणि त्या फाइलींची गरजच कुणाला उरली नाही. असं वाटलं तरी.

आमच्या साप्ताहिकाचंच सांगतो. २०१० च्या आधीचे सगळे अंक पेजमेकरमध्ये, तीन वेगवेगळ्या फॉन्टमध्ये. पाणीटंचाईचे दौरे, नगरपालिकेच्या सभांचे वृत्तांत, कुणी कुठल्या वॉर्डात किती मतांनी पडलं ते. छापील फाइली आहेत, त्यातल्या काही वाळवीने खाल्ल्या. कॉम्प्युटरवर सगळं शाबूत आहे आणि शोधता काहीच येत नाही. गावाचं नाव टाकून सर्च करा, शून्य. कारण त्या फाइलीत गावाचं नाव मराठीत कधी लिहिलंच गेलेलं नाही.

जिल्ह्यातल्या एका गावात रस्त्याच्या जागेवरून वाद झाला. ग्रामसभेचा जुना ठराव हवा होता. कागद सापडेना. सॉफ्ट कॉपी सापडली, पण उघडल्यावर पानभर इंग्रजी अक्षरांचा कचरा. "व्हायरस लागलाय, डिलीट करू का?" असं तिथल्या पोराने विचारलं. त्याची चूक नाही, त्याने हे फॉन्ट कधी बघितलेच नाहीत. शेजारच्या तालुक्यातल्या एका डीटीपीवाल्याकडे तोच फॉन्ट निघाला म्हणून ठराव वाचता आला. डिलीट झालं असतं तर?

युनिकोड आलं तरी ते लगेच का रुजलं नाही, हेही नोंदवून ठेवायला हवं. आपले टायपिस्ट शिकले रेमिंग्टन पद्धतीने. टायपिंगच्या क्लासला, मशीनवर, तीस आणि चाळीसच्या परीक्षा देऊन. विंडोजने दिला इनस्क्रिप्ट कीबोर्ड. तो शास्त्रशुद्ध आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. पण वीस वर्षं बोटांत बसलेलं सोडून पुन्हा अ-आ-ई शिकायला कोण तयार होणार? दुसरं कारण पेजमेकर. त्याला युनिकोड कळतच नव्हतं आणि छपाईचा सगळा कारभार त्याच्यावर. ॲडोबीच्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्या धड जुळायला २०१२ उजाडलं.

आणि तिसरं, मराठीचे स्वतःचे हट्ट. रास्त हट्ट. आचार्यांना बोलावलं की आचाऱ्यांना, हा फरक दाखवायचा तर अर्धा र वेगळा लागतो. हिंदीला तो लागत नाही, त्यामुळे सुरुवातीला तो उमटवताना लोक रडकुंडीला यायचे. 'ॲ' हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ ला आलं. त्याआधी 'ॲसिड' लिहायचं तर अ वर चंद्र चिकटवायचा आणि तो नेमका जागेवर बसेल अशी प्रार्थना करायची. त्या वर्षांत ज्या हौशी लोकांनी घरच्या कॉम्प्युटरवर बराहा, गमभन असली साधनं टाकून युनिकोडमध्ये मराठी लिहायचा आग्रह धरला, मराठी विकिपीडियावर २००३ पासून पानं भरली, त्यांचं लिहिलेलं आज शोधता येतं. त्याच वर्षांतल्या आमच्यासारख्या पगारी पत्रकारांचं येत नाही. टोचणारी गोष्ट आहे, पण खरी आहे.

रुपयाच्या चिन्हाचंही तेच झालं होतं. १५ जुलै २०१० ला चिन्ह मंजूर झालं, काही दिवसांत त्याचा एक फॉन्ट सगळीकडे फिरला. त्यात ते चिन्ह एकच्या बटणाशेजारच्या तिरक्या टिंबाच्या जागी बसवलेलं. ज्याच्याकडे फॉन्ट नाही त्याला रकमेच्या आधी नुसतं ते टिंब दिसायचं. पण ऑक्टोबरमध्ये युनिकोडने चिन्हाला स्वतःची जागा दिली आणि पुढच्या अपडेटांमधून ते घरोघरी पोचलं. देवनागरीला जागा मिळून तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

आज फ्रेश विंडोजमध्ये मराठी टाकायला काही लागत नाही. सेटिंग्जमध्ये भाषा जोडायची, २०१९ पासून तर फोनेटिक कीबोर्डही आतच आहे. नवीन लिनक्समध्येही मराठी अक्षरं आपसूक दिसतात. म्हणूनच आता कुणी "मराठी टाकलीस का?" विचारत नाही, आणि म्हणूनच जुना फॉन्ट हरवतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही. या फेरीत तर जुन्या हार्ड डिस्कच भंगारात चालल्यात.

तेव्हा मशीन दुकानात देण्याआधी एवढं करा. सी मधलं विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर उघडा, त्यातले मराठी फॉन्ट पेन ड्राइव्हवर घ्या. जुनी वर्डची फाइल कचऱ्यासारखी दिसली तर त्या मजकुरावर क्लिक करून वर फॉन्टचं नाव बघा. फॉन्ट मशीनमध्ये नसला तरी नाव तिथं दिसतं. ते लिहून ठेवा. मजकूर 'नीट दिसावा' म्हणून सगळं सिलेक्ट करून एरियल किंवा मंगल लावू नका, तेवढ्याने शेवटचा धागाही तुटतो. नाव माहीत असेल तर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मोफत मिळतात. रफार, अर्धा र आणि अधेमधे आलेले इंग्रजी शब्द बिघडतात, ते हाताने सुधारावे लागतात. पेजमेकरचं काम पीडीएफमध्ये काढून ठेवलं असेल तर ते दिसेल, पण त्यातला मजकूर कॉपी करायला गेलात तर पुन्हा तोच कचरा हाती येईल.

आमच्या अंकांचं काम दिवाळीपासून सुरू केलंय, आतापर्यंत दीड वर्षाचे अंक झाले. तीनपैकी एका फॉन्टचा अजून पत्ता नाही. आपल्या भागात १९९८ ते २००३ दरम्यान कुणाचं डीटीपी सेंटर असेल आणि त्या वेळच्या सीडी माळ्यावर पडल्या असतील, तर मला मेसेज करा. मी येऊन घेऊन जाईन आणि कॉपी करून परत आणून देईन.