गारठ्यात जुनी मोटार सुरू करताना...

उत्तरेकडून थंड वारे वाहू लागले, की मराठवाड्यात पारा झपाट्याने उतरतो. नावातच गारवा असलेल्या गारखेड्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे विभागीय क्रीडा संकुलाच्या मैदानावर फिरावयास येणारे नागरिक कानटोप्या, स्वेटरमध्ये दिसू लागतात. त्याच सुमारास पुंडलिकनगर, शिवाजीनगर, उल्कानगरी या वसाहतींतील पार्किंगमधून एक ओळखीचा आवाज ऐकू येतो. स्टार्टर कण्हतो, इंजिन दोन-चार आचके देते आणि गप्प होते. गाडी पंधरा-वीस वर्षांची असली, की हा प्रसंग ठरलेलाच. बहुतेक वेळा दोष थंडीला दिला जातो. प्रत्यक्षात थंडी केवळ आधीपासून असलेले दुखणे उघड करते.

छत्रपती संभाजीनगरातील थंडी लडाखची नव्हे. थंडीच्या लाटेत चिकलठाणा वेधशाळेत किमान तापमान दहा अंश सेल्सिअसच्या खाली नोंदले जाते, एवढेच. मात्र रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या जुन्या मोटारीला तेवढा गारठाही पुरेसा ठरतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली अँबेसिडर, १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली आणि जानेवारी २०१४ मध्ये निरोप घेतलेली मारुती ८०० अशा गाड्या आजही अनेक कुटुंबांनी जिव्हाळ्याने जपल्या आहेत. त्यांच्यासाठी हिवाळ्याची थोडी शिस्त आवश्यक आहे.

थंडीत नेमके काय होते?

गार इंजिनात तीन गोष्टी एकाच वेळी घडतात. इंजिन ऑइल घट्ट होते, त्यामुळे इंजिन फिरविण्यासाठी जास्त जोर लागतो. नेमक्या त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि तिची ताकद घटते. शून्य अंशाला शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता पंचवीस अंशांच्या तुलनेत सुमारे एक पंचमांशाने कमी होते. तिसरे म्हणजे, पेट्रोलची वाफ नीट होत नाही. पेट्रोल द्रवरूपात नव्हे, तर वाफेच्या रूपात हवेत मिसळून पेटते. गार सिलिंडरमध्ये त्यातील बराचसा भाग थेंबांच्या रूपात भिंतींना चिकटतो आणि ठिणगी पडूनही इंजिन पेट घेत नाही.

बॅटरी : उन्हाळ्यात दुखणे, हिवाळ्यात निदान

मराठवाड्यात चाळीस अंशांच्या पुढे जाणारा उन्हाळा बॅटरीतील पाणी आटवितो आणि प्लेट खराब करतो. त्याचा प्रत्यय मात्र पहिल्या थंडीत येतो. म्हणून तपासणी ऑक्टोबरमध्येच करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा. १२.२ व्होल्ट म्हणजे बॅटरी जवळपास निम्मी रिकामी. इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १३.८ ते १४.४ दरम्यान असल्यास चार्जिंग ठीक आहे असे समजावे. डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी. टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड साचली असल्यास ती खाण्याचा सोडा मिसळलेल्या कोमट पाण्याने धुवावी, कोरडी करावी आणि वर व्हॅसलीनचा हलका थर द्यावा. अनेकदा नवी बॅटरी घेण्याआधी एवढ्यानेच काम भागते.

चोक ओढण्याची रीत

कार्बोरेटरच्या गाडीत चोक हे थंडीचे मुख्य साधन आहे. चोक ओढल्यावर कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप हवा रोखते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. एरवी वजनाने सुमारे १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागते. गार इंजिनाला याहून कितीतरी अधिक लागते. चोक पूर्ण ओढावा, क्लच दाबून धरावा आणि चावी फिरवावी. क्लच दाबल्याने गिअरबॉक्समधील घट्ट तेलाचा भार स्टार्टरवर पडत नाही. एका वेळी पाच ते दहा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनीट थांबावे. इंजिन सुरू झाल्यावर चोक टप्प्याटप्प्याने आत ढकलावा. तो ओढलेलाच राहिला, तर जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते, प्लग काळे पडतात आणि इंजिनाची झीज वाढते.

पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला, तर इंजिन ‘ओव्हर’ झाले असे समजावे. अशा वेळी चोक आत ढकलून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा व स्टार्टर मारावा. हवा भरपूर शिरली, की जादा पेट्रोल निघून जाते. पद्मिनी, अँबेसिडरसारख्या गाड्यांत प्लगबरोबरच डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटही साफ व योग्य अंतरावर असणे गरजेचे आहे.

एमपीएफआय गाड्यांना चोक नसतो. तेथे इंजिनाचे तापमान सेन्सर कळवितो आणि पेट्रोल आपोआप वाढते. चावी पहिल्या टप्प्यावर फिरवून दोन सेकंद थांबावे, पंपाला दाब निर्माण करू द्यावा आणि मग अॅक्सिलरेटरला पाय न लावता स्टार्टर मारावा. डिझेल गाडीत ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर इंधन पेटते. त्यामुळे हीटर प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबणे हाच तेथील मंत्र. लडाखमध्ये डिझेल गोठू नये म्हणून इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल आणले. गारखेड्यात त्याची गरज नाही. येथे डिझेल गाडी अडते ती बहुधा निकामी हीटर प्लग किंवा थकलेल्या बॅटरीमुळे.

इथेनॉलचा नवा मुद्दा

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉलची वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. ते हवेतील ओलावाही शोषून घेते. साहजिकच चोकच्या जुन्या गाड्यांना गारठ्यात पहिला पेट घेण्यास अधिक वेळ लागू शकतो. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, वॉशर, डायफ्रॅम हे इथेनॉलचा विचार करून बनविलेले नाहीत. ते फुगतात किंवा तडकतात. म्हणून दरवर्षी पेट्रोलचे पाइप तपासून घ्यावेत आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत तेच इंधन ठेवू नये. पेट्रोल गळती आणि जुन्या वायरिंगमधील ठिणगी एकत्र आल्यास गाडीच हातची जाते.

ऑइल आणि थर्मोस्टॅट

ऑइलच्या डब्यावरील ‘२० डब्ल्यू-५०’ यातील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत पातळ राहते. मात्र झिजलेल्या इंजिनात फार पातळ ऑइल घातल्यास ते जळते आणि दाब घटतो. त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेतील श्रेणीतच राहावे; ती पुस्तिका परवानगी देत असेल, तर ‘१५ डब्ल्यू-४०’चा पर्याय पाहावा.

उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून अनेक गॅरेजमध्ये थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. या उपायाची किंमत हिवाळ्यात मोजावी लागते. थर्मोस्टॅटविना पाणी सुरुवातीपासूनच रेडिएटरमध्ये फिरते, इंजिन लवकर गरम होत नाही, पेट्रोल अधिक लागते आणि काचेवरचे धुके घालविणारी गरम हवाही मिळत नाही. गाडी तापण्याचे मूळ कारण शोधून थर्मोस्टॅट पुन्हा बसवावा. रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी कूलंट वापरल्यास गंजही रोखला जातो.

धक्का की जंपर?

बॅटरी अगदीच बसली, तर कार्बोरेटरच्या गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये धक्का देऊन सुरू करता येते. एमपीएफआय गाडीत मात्र पेट्रोल पंप आणि संगणकालाच वीज लागते. शिवाय न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करू शकते. तेथे जंपर केबल बरी. लाल केबल आधी बसलेल्या आणि मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावून तिचे दुसरे टोक बंद गाडीच्या इंजिनावरील उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर जोडावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, त्याच्याजवळ ठिणगी पडू नये यासाठी ही काळजी.

बंद जागेत इंजिन नको

या सगळ्यांत जिवाशी गाठ असलेली बाब एकच. शटर बंद करून इंजिन गरम करीत ठेवणे. चोकवर चालणाऱ्या जुन्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे थंडीतल्या साध्या आजारासारखी वाटतात आणि माणूस बेशुद्ध होतो. गाडी आधी बाहेर काढावी, मगच इंजिन चालू ठेवावे. काचा बंद करून चालू गाडीत झोपणेही तितकेच घातक. तसेही इंजिन दहा मिनिटे जागेवर तापविण्याची गरज नसते. अर्धा ते एक मिनीट थांबून पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालविल्यास इंजिन, गिअरबॉक्स आणि टायर एकत्रच ऊब धरतात.

रस्त्यावर

तापमान दहा अंशांनी उतरले, की टायरमधील हवेचा दाब सुमारे दोन पीएसआयने घटतो. गाडी गार असतानाच हवा तपासावी. बीड बायपास, जालना रस्ता किंवा कन्नडच्या औट्रम घाटाकडे पहाटे निघताना धुक्याचा विचार करावा. हेडलाइट खाली ठेवावा. वरचा झोत धुक्यावर आदळून डोळ्यांवर येतो. हिवाळा हा उसाच्या गाळपाचाही हंगाम. मागे दिवा किंवा परावर्तक नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. जुन्या गाडीचे ब्रेक आणि मंद झालेले हेडलाइट लक्षात घेऊन वेग ठेवणे हाच त्यावर उपाय.

निघण्यापूर्वी बॉनेटवर एकदा थाप मारावी. उबेसाठी मांजरे इंजिनाशेजारी बसतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. तेवढ्या एका थापेने एखादे मांजर वाचते आणि बॉनेट उघडून पाहिल्यास सकाळचा खोळंबाही टळतो.