मायकोरायझा : सागाच्या मुळाशी असलेल्या शब्दाची कुळकथा

सुरत म्हटलं की आज जर आणि हिरे आठवतात. पण तापीकाठच्या या बंदराची जुनी ओळख जहाजबांधणीची. इथल्या लवजी नसरवानजी वाडिया या पारशी कारागिराला इंग्रज कंपनीने 1736 मध्ये मुंबईला नेलं आणि त्याच्या घराण्याने पुढे जवळजवळ दीडशे वर्षं सागवानी जहाजं बांधली. त्यातलं मलबारी सागाचं ‘त्रिंकोमाली’ 1817 मध्ये पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे.

सुरतेच्या पाठीशी सागाचं मोठं रान होतं ते डांगचं. 1842 मध्ये इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजांकडून लाकडाचे पट्टे लिहून घेतले. पुढे हे लाकूड खाली आणण्यासाठी बिलीमोरा ते वघई अशी छोटी रेल्वेही झाली. या साऱ्या व्यवहारात मोजलं गेलं ते खोड: घेर किती, लांबी किती, घनफूट किती. मुळाशी काय चाललं आहे, हे पाहायची कुणाला गरज वाटली नाही. ज्या शब्दाची ही कुळकथा आहे, तो मुळाशीच जन्मला. पण डांगात नव्हे, जर्मनीत.

डांगचे पट्टे व्हायच्या दोन वर्षं आधी, 1840 मध्ये, थिओडोर हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञाने पाइनच्या मुळांच्या पेशींभोवती एक जाळी पाहिली आणि तिचं चित्र काढलं. ती बुरशीची आहे हे त्याला कळलं नाही. तरी ती जाळी आजही ‘हार्टिगची जाळी’ म्हणूनच ओळखली जाते. चाळीसेक वर्षांनी पोलंडच्या फ्रान्सिशेक कामिएन्स्की यांनी मोनोट्रोपा ही हरितद्रव्य नसलेली, फिकट वनस्पती तपासली. तिच्या मुळांना बुरशीने पूर्ण वेढलं होतं, आणि तिचं पोषण त्या बुरशीतूनच होत असावं, असं त्यांनी मांडलं.

नाव मात्र ठेवलं आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी महागडी बुरशी प्रशियात पिकवता येईल का, हे पाहण्याचं काम सरकारने बर्लिनच्या या प्राध्यापकावर सोपवलं होतं. ट्रफलची शेती काही साधली नाही. पण बीच आणि ओक उकरताना त्यांना दिसलं, की मुळांची टोकं बुरशीच्या आवरणात गुंडाळलेली आहेत आणि झाडं तरीही धडधाकट आहेत. 1885 मध्ये त्यांनी ग्रीक ‘मायकेस’ म्हणजे बुरशी आणि ‘रायझा’ म्हणजे मूळ हे दोन शब्द जोडून ‘मायकोरायझा’ हा शब्द केला. बुरशी आणि मूळ मिळून झालेला एकच अवयव, असा त्याचा अर्थ. बुरशी झाडाला पाणी आणि क्षार पुरवते, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या काळी मुळावरची बुरशी म्हणजे रोग, हे ठरलेलं होतं. विरोध करणाऱ्यांत रॉबर्ट हार्टिग होते: ज्याने ती जाळी पहिल्यांदा रेखाटली, त्या थिओडोरचाच मुलगा. फ्रँक यांनी वाद घालत बसण्याऐवजी पाइनची रोपं लावली, काही निर्जंतुक मातीत, काही रानातल्या जिवंत मातीत. रानातल्या मातीतली रोपं जोमाने वाढली.

फ्रँक यांनीच मायकोरायझाच्या घराण्याच्या दोन शाखा सांगितल्या. एक मुळाला बाहेरून पांघरूण घालणारी, दुसरी मुळाच्या पेशींत शिरणारी. साल वृक्ष पहिल्या शाखेतला. म्हणून बस्तरच्या सालवनात पावसाळ्याच्या तोंडाला ‘बोडा’ निघतो आणि बाजारात चढ्या भावाने विकला जातो. सालाच्या मुळांशी जोडलेल्या बुरशीचंच ते फळ. आपला साग दुसऱ्या शाखेतला. त्याच्या सोबत्याला छत्री फुटत नाही, तो बाजारात येत नाही. सागाखाली कितीही हिंडा, डोळ्यांना तो दिसायचा नाही.

तो पाहायचा तर सागाचं दोऱ्याएवढं बारीक मूळ धुऊन घ्यावं लागतं. पोटॅशच्या द्रावणात तापवलं की त्याचा रंग जातो आणि ते काचेसारखं होतं. मग निळा रंग चढवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. पेशीपेशीत फांद्या फुटत गेलेली निळी झुडपं दिसतात. 1905 मध्ये गॅलो या फ्रेंच संशोधकाने त्यांना ‘आर्बस्क्यूल’, म्हणजे लहानसं झाड, असं नाव दिलं. झाडाच्या पोटातलं हे झाड काही दिवसच जगतं, विरतं, आणि शेजारच्या पेशीत नवं उभं राहतं. देवाणघेवाण होते ती इथे. स्फुरद मातीत जागचं हलत नाही. मुळालगतचं संपलं की मूळ उपाशी राहतं. मुळाहून कितीतरी बारीक असलेले बुरशीचे तंतू लांबवर जाऊन ते आणतात आणि मोबदल्यात पानांनी केलेली साखर घेतात. स्कॉटलंडमधल्या 40 कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही हीच झुडपं सापडली आहेत. त्या वनस्पतींना खरी मुळंसुद्धा फुटली नव्हती.

भारतात या विचाराला एक वाट होळकरांच्या इंदुरातून मिळाली. तिथे आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड या कृषिशास्त्रज्ञांनी काडीकचऱ्यापासून खत करण्याची इंदूर पद्धत बसवली आणि 1931 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे हॉवर्ड पिकांची मुळं तपासून घेऊ लागले आणि ह्यूमस, म्हणजे मातीतला कुजलेला सेंद्रिय अंश, व पीक यांना जोडणारा जिवंत दुवा म्हणजे मायकोरायझा, असं आग्रहाने सांगू लागले. आज हाच शब्द आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रांत पुड्यांवर छापलेला असतो.

आणि तरीही सागाची लागवड पाहताना मला जडी आठवते. रोपवाटिकेत गादीवाफ्यावरचं वर्षाचं रोप उपटतात, शेंडा कापतात, बाजूची बारीक मुळं तासून टाकतात आणि अंगठ्याएवढ्या जाडीची जडी लावायला देतात. ज्या मुळांत ती निळी झुडपं असतात, तीच छाटली जातात. रानाच्या मातीत जडीला नवे सोबती भेटतात, म्हणून ही रीत इतकी वर्षं चालली. पण वरची माती वाहून गेलेल्या टेकडीवर, खणून टाकलेल्या मुरमात ते कुठून भेटणार? म्हणून मनापासून सांगावंसं वाटतं: अशा जागी जडी लावाल, तेव्हा निरोगी जुन्या सागाखालची ओंजळभर माती आधी खड्ड्यात टाका.